हाडगिळ्यासाठी किती मिलिमीटर?

हिवाळी सुट्टीतले काझीरंग्याचे फोटो पाहून हाऊसमधल्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला, "लेन्स किती एमएमची?" फोटोग्राफी क्लबमधल्या तिघाचौघांना तर येत्या सुट्टीत घरी कुठली लेन्स मागायची, याचा सल्लाच हवा आहे. प्रेपमध्ये प्रत्येकाच्या कानात वेगवेगळं कुजबुजण्यापेक्षा मराठी पानावर एकदाच लिहिलेलं बरं. किमती मात्र सांगत नाही, त्या दर महिन्याला बदलतात. जिथे आमच्या घरच्या हिशेबाचा संबंध आहे तेवढ्याच आकड्यांचा उल्लेख येईल.

कॅमेरा मामांचा. गडहिंग्लजला त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या कामासाठी त्यांनी नवा कॅमेरा घेतला आणि जुना कॅनन ७०० डी मला दिला. त्याच्यासोबतची १८-५५ ची लेन्स घरच्या माणसांसाठी ठीक, पण तिच्यातून झाडावरचा पक्षी म्हणजे मोहरीचा दाणा. लांबचं टिपायला टेलिफोटो लेन्स हवी होती, आणि ती डिसेंबरच्या आधी हवी होती. कारण पप्पा मार्चअखेर पेन्शनवर येणार होते. त्यांची शेवटची पोस्टिंग आसामात. (युनिट आणि ठिकाण लिहीत नाही, आपल्या शाळेत त्याचं कारण सांगायला नको.) चोवीस वर्षांच्या नोकरीत आम्ही त्यांच्या पोस्टिंगच्या जागी एकदाच राहिलो, तेही मी तीन वर्षांचा असताना. या वेळी त्यांनी दहा दिवसांची रजा तिकडेच घ्यायची आणि आम्ही सगळ्यांनी तिकडे जायचं, असं ठरलं.

पप्पा तोफखान्यातले. बरीच वर्षं त्यांचं काम ओ.पी.वर, म्हणजे पुढे जाऊन डोळ्यांनी लक्ष्य पाहायचं आणि मागच्या तोफांना गोळे कुठे टाकायचे ते कळवायचं. रविवारच्या फोनवर मी त्यांना लेन्सची नावं वाचून दाखवायला लागलो. ५५-२५०, ७०-३००, १००-४००, १५०-६००. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टार्गेट काय? केवढं हाय? आनि किती लांब असनार?" मी म्हणालो, गेंडा, हत्ती, पक्षी. "तसं न्हवं. मीटरमधी सांग."

मग त्यांनी मिलचा हिशेब सांगितला. नकाशावाचनाच्या तासाला आपण कंपासवर मिल पाहतो. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल. एक किलोमीटरवरची एक मीटर रुंदीची वस्तू साधारण एक मिल दिसते. १०० मीटरवर तीच वस्तू १० मिल. हात पूर्ण लांब करून एक बोट उभं धरलं की त्याआड साधारण ३० मिल झाकले जातात. पप्पा अजूनही शेतात बांधावर उभे राहून बोटांनी अंतर काढतात आणि आजी त्यांना हसते.

लेन्सचं गणित याच्याच पुढची पायरी आहे, हे त्या फोनवर आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. मिलला लेन्सच्या मिलिमीटरने गुणायचं आणि हजाराने भागायचं. येतो तो आकडा म्हणजे कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर त्या प्राण्याची प्रतिमा किती मिलिमीटरची पडेल तो. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद आणि १४.९ उंच. गेंडा साधारण साडेतीन मीटर लांब. तो १०० मीटरवर आडवा उभा असेल तर ३५ मिल. २५० च्या लेन्सने प्रतिमा पावणेनऊ मिलिमीटरची, म्हणजे चौकटीच्या दोन पंचमांश. ६०० च्या लेन्सने २१ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चौकटभर. तोच गेंडा ५० मीटरवर आला तर २५० ने साडेसतरा, झकास. ६०० ने ४२, म्हणजे अर्धाच गेंडा. अर्थात झूम मागे घेता येतं.

त्या आठवड्यात मी प्रेपची वही अशा गणितांनी भरून टाकली. फुटाहून थोडा कमी लांबीचा खंड्या २८ मीटरवर असला की बरोबर १० मिल होतात. २५० ने तो अडीच मिलिमीटरचा. माझ्या कॅमेऱ्यात एका मिलिमीटरला साधारण २३२ बिंदू पडतात, तेव्हा चोचीपासून शेपटीपर्यंत ५८० बिंदू. मोबाइलवर दाखवायला पुरे, भिंतीवर टांगायला नाही. ६०० ने त्याचे १३९० होतात. पक्ष्यांचे फोटो काढणारे लोक मोठ्या लेन्ससाठी जीव का टाकतात, ते इथे कळतं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण क्लबमधल्या एकाने तीच विचारली होती. काही छोट्या कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत २००० मिलिमीटर असं लिहिलेलं असतं. निकॉनचा पी ९०० किंवा पी ९५० घ्या. त्याच्या लेन्सचं खरं अंतर सर्वात जास्त ३५७ मिलिमीटर आहे. सेन्सर नखाएवढा असल्यामुळे चौकट अरुंद होते आणि मोठ्या, फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २००० ची लेन्स लावल्यासारखं दिसतं. उन्हात तो कॅमेरा खरंच उपयोगी आहे आणि प्रवासात हलकाही. पण पहाटेच्या धुक्यात एवढासा सेन्सर उजेड गोळा करून करून किती करणार?

उजेडाचा प्रश्न आसामात मोठा आहे. डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपण इकडे खेळाच्या मैदानावर असतो तेव्हा तिकडे कंदील लागलेले असतात. सकाळी गवतावर धुकं. लांब टोकाला ५५-२५० चं छिद्र एफ ५.६ उघडतं आणि १५०-६०० चं एफ ६.३, म्हणजे थोडं कमीच. त्यात लेन्स लांब तशी हाताची थरथरही मोठी दिसते. जुना नियम असा की लेन्सच्या मिलिमीटरएवढ्या भागात शटर उघडावं, आणि माझ्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर त्याला १.६ ने गुणावं. २५० ला सेकंदाचा चारशेवा भाग, ६०० ला जवळजवळ हजारावा. लेन्समधली थरथर रोखणारी यंत्रणा आपला हात सांभाळते, हरणाचे पाय नाही. शटर भरभर उडवायचं तर उजेड हवा, आणि तो नसला की आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत वाळू दिसते.

मग वजन. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १९३० ग्रॅम. निकॉनची २००-५०० आणखी जड, २३०० ग्रॅम. कॅननची ५५-२५० एसटीएम ३७५ ग्रॅम, आपल्या मेसमधल्या भरल्या पेल्याएवढी. मधल्या वाटा आहेत. सिग्माची १००-४०० सुमारे १.१६ किलोची, मिररलेस कॅमेरा असेल तर कॅननची आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची. ज्याच्याकडे तो कॅमेरा आहे त्याने प्रवासासाठी डोळे झाकून ही शेवटची घ्यावी, असं माझं मत. माझ्या जुन्या कॅमेऱ्यावर ती बसत नाही.

मामांच्या ओळखीच्या दुकानात वापरलेली १५०-६०० साठ हजारांना होती, आणि वापरलेली ५५-२५० साडेआठ हजारांना. पप्पांनी लेन्ससकट अख्ख्या सहलीसाठी एक लाख बाजूला काढले होते. त्यांनी मला नाही म्हटलं नाही. फोनवर एवढंच म्हणाले, "दोन्ही हिशेब मांड. सगळं धर, चहा बी."

मी मांडले. मोठी लेन्स घेतली तर चाळीस हजार उरत होते. आई, धाकटी बहीण आणि मी स्लीपरने जायचं, काझीरंग्यात एक जीपफेरी, आणि आजी घरी. पुणे ते हावडा आझाद हिंद एक्सप्रेसने, पुढे हावडा ते गुवाहाटी सराईघाटने, असा प्रवास. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला थंडीत एवढ्या लांब स्लीपरने नेणं शक्य नव्हतं. लहान लेन्स घेतली तर चौघांची थर्ड एसीची तिकिटं निघत होती, जीपफेऱ्या चार होत होत्या आणि गुवाहाटीला एक दिवस जास्त मिळत होता. हा कागद आईने घरात मोठ्याने वाचला. आजी चुलीपाशी होती. "त्या नळकांड्यापायी मला घरात ठेवताय व्हय?" एवढं बोलून ती भाकरी थापायला लागली.

मोठी लेन्स भाड्याने आणायची वाटही होती. मोठ्या शहरांत मिळते, अनामत ठेवावी लागते. पण दिवसाच्या भाड्यात रेल्वेतले जाण्यायेण्याचे सहा दिवसही धरावे लागत होते, आणि पप्पांना ती कल्पना आवडली नाही. झिरो न केलेलं हत्यार घेऊन ते कुठे जात नाहीत. लेन्स हातात आल्यावर निदान दोनशे फोटो काढल्याशिवाय तिच्यावर भरवसा नको, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं.

तरी माझं मन ६०० कडेच ओढत होतं. शेवटी पारडं फिरलं ते दोन गोष्टींनी. पहिली हत्तीची. काझीरंग्यात हत्ती कधीकधी जीपच्या अगदी समोरून रस्ता ओलांडतात. तीन मीटर उंच हत्ती दहा मीटरवर, म्हणजे ३०० मिल. १५०-६०० सर्वात मागे घेतली तरी प्रतिमा ४५ मिलिमीटरची, कॅमेरा उभा धरला तरी चौकटीच्या दुप्पट. ५५ वर ती साडेसोळा होते, म्हणजे उभ्या चौकटीत डोक्यावर आकाश ठेवूनही हत्ती मावतो. धुळीच्या रस्त्यावर, हत्ती समोर असताना लेन्स बदलत बसायची माझी तयारी नव्हती.

दुसरी गोष्ट पप्पांनी मागितलेला फोटो. त्यांना गेंडा नको होता, वाघही नको. त्यांना हाडगिळ्याचा फोटो हवा होता. हा करकोच्याच्या कुळातला पक्षी, उभा राहिला की दीड मीटर, डोकं टक्कल पडलेलं, गळ्याला पिशवी. इंग्रजीत त्याला ग्रेटर ॲडज्युटंट म्हणतात, कारण तो पाठीमागे हात बांधून परेडवर फिरणाऱ्या अधिकाऱ्यासारखा ताठ, मोजून पावलं टाकत चालतो. पूर्वी कलकत्त्यात हे इतके होते की तिथल्या महानगरपालिकेच्या जुन्या चिन्हावर दोन ॲडज्युटंट पक्षी आहेत. आता जगात मोजक्याच ठिकाणी घरटी उरली आहेत आणि त्यांतली बरीच आसामात. पप्पांच्या पलटणीतले एक आसामी काका कामरूप जिल्ह्यातले. त्यांनी पप्पांना दादरा गावाबद्दल सांगितलं होतं. ब्रह्मपुत्रेच्या उत्तरेला हे गाव आहे, आणि तिथे हाडगिळे लोकांच्या परसातल्या कदंबाच्या झाडांवर घरटी करतात. घाण वास येतो, खाली कुजलेलं पडतं, म्हणून लोक झाडं तोडायचे. पूर्णिमा देवी बर्मन यांनी गावातल्या बायकांना एकत्र करून ते थांबवलं. त्या बायकांना आता हाडगिला आर्मी म्हणतात. बर्मन यांना २०१७ साली नारी शक्ती पुरस्कार आणि २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा चॅम्पियन्स ऑफ द अर्थ पुरस्कार मिळाला.

पप्पा म्हणाले, "पक्षी आनि त्याच्या खालचं घर, दोन्ही याय पायजे." या एका वाक्यात लेन्स ठरली. घर आणि घरटं एका चौकटीत घ्यायचं तर ६०० चा काय उपयोग?

आजीने जुन्या सोलापुरी चादरीची एक पिशवी शिवली. ही कल्पना मामांची. जीपच्या कठड्यावर ठेवून त्यावर लेन्स टेकवायची, तिपाईची गरज नाही. जाताना पिशवी रिकामी, घडी करून. कोहोराच्या बाजारात दोन किलो तांदूळ घेऊन भरली. परतीच्या आदल्या दिवशी आजीने त्याच तांदळाचा भात केला. विमानाने जाणाऱ्यांनाही ही युक्ती चालेल.

काझीरंग्यात पहिल्या फेरीला बागोरीकडे गेलो. २०२२ च्या मोजणीत इथे २६१३ गेंडे भरले. गवत जळून कमी झालं नव्हतं, तरी पहिला गेंडा चाळीस मीटरवर मिळाला. पप्पांनी हात लांब करून बोटं मोजली आणि "नव्वद मिल" म्हणाले. मी २२० वर फोटो घेतला, बरोबर बसला. गाडीचं इंजिन बंद करायला सांगायचं मात्र विसरू नका, चालू इंजिनाची थरथर तांदळाच्या पिशवीतूनही वर येते.

ज्या गोष्टी मिळाल्या नाहीत त्याही सांगतो. बिळाच्या (तिकडे तळ्याला बील म्हणतात) पलीकडच्या वाळक्या झाडावर मत्स्यगरुड बसला होता, दीडशे मीटरवर. सव्वापाच मिल. माझ्या फोटोत तो आहे, पण तो गरुड आहे हे मला सांगावं लागतं. शेजारच्या जीपमधल्या एका काकांकडे ६०० एफ ४ ची लेन्स होती, तीन किलोंच्या वरची. त्यांनी माझ्या बहिणीला आणि मग आजीला तिच्यातून पाहू दिलं. समोर गेंडा पाण्यात बसलेला. आजी एकदम ओरडली, "अगं बया, त्येच्या पापन्या दिसत्यात!" मोठ्या लेन्सचं याहून चांगलं वर्णन मला जमणार नाही.

हत्ती दुसऱ्या दिवशी दुपारी आले. कळप, मध्ये एक पिल्लू. आमच्यापासून बारा मीटर असतील. ५५ वर चार फोटो घेतले, पाचवा घेतला नाही कारण आईने माझा दंड घट्ट धरला होता.

दादऱ्याला गेलो त्या दिवशी ऊन छान होतं. आसामी काकांच्या ओळखीच्या घरी अंगणात खुर्च्या टाकल्या, चहा आला. वर कदंबावर तीन घरटी. एका घरट्यात मोठा पक्षी उभा होता आणि त्याच्या पायाशी पिल्लू हलत होतं. मी मागे जात जात विहिरीपर्यंत गेलो, तिथून ७० मिलिमीटरवर घर, अंगण, वाळत घातलेली मेखला, आजी खुर्चीत आणि वर घरटं, सगळं आलं. त्याच जागेवरून २५० वर नुसता पक्षी.

इथे एक सांगायला हवं. तोफांच्या आवाजाने पप्पांचा उजवा कान जवळजवळ गेला आहे, आणि डाव्यालाही बारीक आवाज येत नाहीत. गावी सकाळी बुलबुल, शिंपी ओरडतात ते त्यांना कित्येक वर्षांत ऐकू आलेलं नाही. काझीरंग्यात वाटाड्या "ऐका" म्हणायचा तेव्हा ते आमच्या तोंडांकडे पाहायचे. हाडगिळ्याच्या कुळातल्या पक्ष्यांना गळ्यातून गाता येत नाही, ते चोचीचे दोन भाग एकमेकांवर आपटून आवाज करतात. दुसरा मोठा पक्षी घरट्यावर उतरला तेव्हा दोघांनी तसा आवाज केला, कडकड, लाकडावर लाकूड. पप्पांनी कप खाली ठेवला आणि वर पाहिलं. "हे आलं मला," ते म्हणाले. आजीने विचारलं, "काय आलं?" त्यांनी नुसतं वर बोट दाखवलं. तेवढ्यात मी ७० वर फोटो घेतला. त्यात पप्पांचं बोट आहे, आणि त्या बोटाच्या टोकापासून घरट्यापर्यंतची जागा मोकळी आहे.

तो फोटो मामांनी मोठा करून दिला. १८ मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा आणि साडेआठ हजारांची लेन्स, तरी पक्ष्याच्या मानेची पिशवी स्पष्ट दिसते. बाकीचे साडेनऊशे फोटो बहिणीने चाळून एकशे दहा ठेवले.

मे महिन्यात पप्पा पेन्शनवर घरी असतील. दांडेलीजवळ गणेशगुडीला जायचं ठरतंय, धनेश पाहायला. मोठा धनेश जवळपास मीटरभराचा, उंबराच्या शेंड्यावर, समजा चाळीस मीटरवर. म्हणजे २५ मिल, २५० ने सव्वासहा मिलिमीटर. या वेळी अंतर कमी आणि रेल्वेचे दिवसही नाहीत, तेव्हा भाड्याच्या १५०-६०० चा हिशेब मी पुन्हा मांडला आहे. पप्पांनी कागद पाहून विचारलं, "झिरो करायला चार दिवस आधी मिळंल का?" दुकानदाराला विचारायचं आहे.